‘के’च्या आधीची उसंत

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडात खिचडी होती. शाळेतल्या पोरांना वाढायच्या आधी मुख्याध्यापिकेनं पोषण आहार चाखून बघायचा आणि वहीत ‘चव चांगली’ असं लिहून सही करायची, असा नियम आहे. त्या दिवशी मीठ जरा जास्त झालं होतं, ते सांगायला मी स्वयंपाकाच्या मावशींकडे वळले आणि फोन वाजला. सुमनवहिनी एवढंच म्हणाल्या, "ताई... झालं बघा." आणि मी घास गिळू की बोलू या घोळात नुसती "हं, हं" करत राहिले. मग वहीत ‘चव चांगली’ लिहिलं, सही केली, तारीख मात्र चुकीची टाकली. पाचोडपासून संभाजीनगरपर्यंतच्या सबंध एसटीच्या प्रवासात माझ्या डोक्यात तीच तारीख फिरत होती. माणसाचं डोकं अशा वेळी कुठं जाऊन बसेल, काही सांगता येत नाही.

गारखेड्याच्या घरी येणारा जाणारा प्रत्येक जण एकच शब्द बोलत होता. "सुटला." दोन वर्षं गळ्याच्या आजारानं काढलेल्या माणसाबद्दल दुसरं काय बोलणार? मीही मान हलवत होते. पण दादा सुटला तरी मी काही सुटले नव्हते. त्यानं मला जायच्या अकरा दिवस आधी एक प्रश्न विचारला होता, आणि मी त्याला खोटं उत्तर देऊन पळून गेले होते. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही. आज सांगू शकतेय, कारण मधल्या काळात एक गोष्ट घडली आणि छातीवरचा दगड उतरला. ती गोष्ट कळायची तर आधी रेडिओची गोष्ट सांगायला हवी. आणि आमच्या घरात कुठलीही गोष्ट सरळ सुरू होत नाही, तशी हीही होणार नाही.

माझा थोरला भाऊ भानुदास माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. गावोगावच्या विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचं त्याचं गारखेड्यात दुकान होतं. जळकी तार उपसून काढायची, नवी तांब्याची तार मोजून, वेढे देऊन बसवायची, असं ते काम. तार गुंडाळता गुंडाळता त्याला रेडिओचा नाद लागला. हौशी रेडिओ म्हणजे घरी सेट ठेवायचा, छतावर किंवा झाडावर तार ताणायची आणि कुठल्या तरी अनोळखी माणसाशी बोलायचं. याला सरकारी परीक्षा असते, लायसन असतं, स्वतःचं असं एक सांकेतिक नाव मिळतं. दादाला हे सगळं शिकवलं वैजापूरच्या रहीमचाचांनी. चाचा तारखात्यातले. सगळी नोकरी त्यांनी तार पाठवायच्या खटक्यावर बोट ठेवून काढली. त्यांच्या शेतातली मोटार जळाली, ती घेऊन ते दादाच्या दुकानात आले, आणि मोटार भरून होईपर्यंत टेबलावर बोटानं काहीबाही वाजवत बसले. दादानं विचारलं, "चाचा, कोणतं गाणं हाय हे?" चाचा म्हणाले, "गाना नै मियाँ, तुम्हारा नाम है." तिथून दादा कामातून गेला, असं वहिनी म्हणायच्या.

गारखेड्याच्या दोन खोल्यांवर तार ताणायला जागा नव्हती म्हणून पहिला सेट दादानं आमच्या गावच्या घरी, पाचोडजवळ, मांडला. लायसनचा अर्ज केला, पत्ता अर्थात गावचा. आणि एक दिवस चौकशीसाठी हवालदार घरी आला. घरी फक्त अण्णा, आमचे वडील. हवालदारानं सायकल लावली आणि विचारलं, "भानुदासला वायरलेस पाहिजे म्हणं?" झालं! अण्णा निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शनच्या वेळी दहा वर्षांचे होते. गावातल्या एका घरचा रेडिओ त्या दिवसांत कडब्याच्या गंजीत लपवला गेला होता आणि त्या घरच्या माणसांनी किती दिवस तोंड मिटून काढले होते, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं. वायरलेस या शब्दासरशी ते पुन्हा दहा वर्षांचे झाले. हात जोडून म्हणाले, "साहेब, आमच्या सात पिढ्यांत कुणाला वायरलेस नाय."

"अहो बाबा, हौसेचा वायरलेस. नुसत्या गप्पा मारायचा."

"मग तर बिलकुलच नाय. पोरगा लई गरीब हाय. गप्पा मारतच नाय."

हवालदारानं लिहून नेलं की अर्जदारास सदर गोष्टीची आवड नाही. तो वळला तसे अण्णा आत धावले, सेट उचलला आणि कडब्याच्या गंजीत खुपसला. दादा शनिवारी गावी आला. टेबल रिकामं बघून त्यानं सगळं घर धुंडाळलं. शेवटी छतावरून खाली आलेल्या तारेच्या मागं मागं तो गोठ्यापर्यंत गेला, तर तारेचं दुसरं टोक म्हशीच्या तोंडात. अण्णांवर तो पहिल्यांदाच ओरडला. अण्णाही ओरडले, "तुला बोलायला माणसं कमी पडली का रं? बाजारात जा, बोल की!" पुढं कैक वर्षं आमच्याकडे हरवलेली कुठलीही वस्तू पहिल्यांदा कडब्यात शोधायची पद्धत होती. दुसऱ्या चौकशीला मात्र दादा दुकान बंद करून घरी बसून राहिला. त्याच हवालदाराला चहा दिला आणि सेट लावून कुठल्या तरी लांबच्या मुलखातल्या माणसाचा आवाज ऐकवला. हवालदार कितीतरी वेळ वाकून ऐकत राहिला, आणि जाताना हळूच म्हणाला, "मला बी देता येते का ती परीक्षा?"

मी कॉलेजसाठी दादाकडे राहायला आले तेव्हा त्याचं लायसन येऊन दोनेक वर्षं झाली होती आणि सेट गारखेड्यात, शेजाऱ्यांच्या लिंबाला तार बांधून, सुरू झाला होता. मी पहिल्यापासून बोलघेवडी. दादाला वाटलं, हिच्या तोंडाचा काही उपयोग करून घ्यावा. त्यानं मला मोर्स शिकवायला घेतलं. मोर्स म्हणजे तारेची भाषा. आखूड आवाज म्हणजे दि, लांब म्हणजे दा. प्रत्येक इंग्रजी अक्षर या दोनांतून बनतं. मोटारीच्या वेढ्यांवरून नजर न काढता तो म्हणाला, "दोन आखूड म्हणजे आय. दि-दि. दोन लांब म्हणजे एम. दा-दा. घे, घरातली दोन माणसं आली. राहिली चोवीस." मला ते इतकं आवडलं की मी तिथंच थांबले. दि-दि आणि दा-दा एवढ्यावर मी तीस-बत्तीस वर्षं काढली. दारात स्कूटर आली की दोन लांब हॉर्न, म्हणजे दादा आला. मी आतून बेलवर दोन आखूड, म्हणजे दिदीनं ऐकलं. खरं तर मी धाकटी, दिदी कशाची! पण मोर्समध्ये माझी बढती झाली होती.

मोर्स न लागणारं, नुसतं बोलायचं लायसन तेव्हा मिळायचं. ते मी काढलं. पहिल्यांदा माइक हातात घेतला तो दिवस दादा पुढं कितीतरी वर्षं नकलेसह सांगायचा. माझ्या तोंडातून शब्द फुटेना. तिकडं एक गृहस्थ बिचारे ‘बोला, बोला’ म्हणतायत. दादा कानाशी खेकसला, "बोल की! एरवी ट्रान्झिस्टर गिळल्यावाणी बोलतीस!" आणि मी, परीक्षेत एवढे नियम पाठ करून पास झालेली मी, पाचशे मैलांवरच्या अनोळखी माणसाला सकाळी आठ वाजता म्हणाले, "मी कुसुम. जेवण झालं का?" तिकडून शांतपणे उत्तर आलं, "नाही ताई, पोहे झाले. तुमचं?" तेवढ्यावर माझी भीती गेली, ती कायमची. लग्न होऊन मी पाचोडला आले, शाळेत लागले, तरी सेट माझ्याबरोबर राहिला. बॅटरीवर चालणारा, दादानं स्वतः जोडून दिलेला. "गावाकडं लाईटीचा भरवसा नाय," तो म्हणाला होता, "बॅटरीवर हाय म्हणजे तुझी बडबड बंद पडायची नाय." हे बॅटरीचं लक्षात ठेवा. मी विसरले होते.

मग दादाच्या गळ्याचं दुखणं निघालं आणि डॉक्टरांनी स्वरयंत्र काढावं लागेल म्हणून सांगितलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आम्ही सगळे त्याच्या खाटेभोवती बसलो होतो आणि मी, जिनं एवढी वर्षं त्याचं डोकं खाल्लं, मला एक वाक्य सुचेना. तोच म्हणाला, "कुशे, रडू नको. एकच आवाज जायचाय, माझ्याकडं दोन हायेत." मला कळलं नाही. कळलं ते ऑपरेशननंतर. त्याला शुद्ध आली, आणि वॉर्डात नर्सला बोलवायची बेल वाजली. लांब. लांब. नर्स धावत आली, काय हवंय विचारू लागली, त्याला पाणी हवं नव्हतं, उशी हवी नव्हती. पुन्हा लांब, लांब. नर्स वैतागली. बाहेर बाकावर बसलेली मी मात्र हसायला लागले आणि हसता हसता रडायला. दा-दा. तो सांगत होता, मीच आहे.

घरी आल्यावर त्याला पाटी दिली. पाटीवर तो फक्त ‘चहा’ आणि ‘पंखा’ लिहायचा. मोबाईलवर मी चार पानी चौकशी केली की उत्तर यायचं, ‘ठीक’. मोटारी भरून झालेली जाड बोटं, त्या एवढ्याशा अक्षरांवर ती काय चालणार? पण खटक्यावर बसला की तोच दादा. रविवारी सकाळी दहाला चाचा वैजापूरहून, दादा गारखेड्यातून, असे तासभर तारेच्या भाषेत बोलायचे. मी पाचोडला सेट लावून ऐकायची. दि-दा-दि-दि... काही कळायचं नाही. चाचा एकदा फोनवर म्हणाले, "बाई, हर आदमी का हाथ अलग होता. भानुदास का हाथ तुम्हारे गाँव का है. दा को ऐसा खींचते, जैसा तुम लोगां ‘लई’ बोलते." माझ्या भावाचा आवाज त्याच्या बोटात राहायला गेला होता, आणि तो मला सोडून सगळ्या मुलखाला कळत होता. मग मात्र मला लाज वाटली. पन्नाशी ओलांडल्यावर मी उरलेली चोवीस अक्षरं शिकायला बसले.

या वयात शिकणं म्हणजे काय, ते माझ्या शाळेतल्या पोरांनी बघितलं. मी वर्गात पाढे घेताना टेबलावर डस्टर वाजवायची. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी मोजण्याऐवजी तिच्यातली अक्षरं शोधायची, त्यात दोनदा भाताचा लगदा झाला. आणि दादा कडक. मोर्सची परीक्षा पास झाल्याशिवाय हवेवर, म्हणजे खऱ्या सेटवर, खटका दाबायचा नाही. पाटीवर त्यानं एवढं एक लांब वाक्य लिहिलं होतं, ‘लायसन नाय तर हात नाय’. तोवर महिन्यातून दोनदा गारखेड्याला जायचं आणि त्याच्यासमोर बझरवर सराव करायचा. चुकलं की तो बोटाच्या मधल्या सांध्यानं माझ्या डोक्यावर वाजवायचा. कधी कधी त्या वाजवण्यातही अक्षर असायचं.

तिथंच मला ‘के’ शिकवला त्यानं. दा-दि-दा. तारेच्या रिवाजात बोलणं संपलं की शेवटी के पाठवायचा. म्हणजे माझं झालं, आता तू बोल. पण आम्ही इंग्रजी अक्षरांत मराठी बोलणार, आणि मराठीत प्रश्नाच्या शेपटाला ‘का’ असतोच. दादा मोटारवाला, तारेचा एक वेढा वाया जाऊ न देणारा. त्यानं पाटीवर तुटक शब्दांत आणि खुणांनी समजावलं की शेवटी के पाठवायचाच असतो, मग ‘का’ वेगळा कशाला? ‘जेवलीस के.’ झाला प्रश्न आणि झालं संपल्याचंही. फक्त एक फरक. प्रश्नाचा के शब्दाला चिकटून यायचा, आणि नुसता संपल्याचा असेल तर जरा उसंत घेऊन. हे मी ऐकलं, मान हलवली आणि सोडून दिलं. माझ्या कानाला अक्षरंच कशीबशी पुरत होती, उसंत कुठून पुरणार? मी लिहायची ते सगळं एका ओळीत, प्रार्थनेला उभ्या केलेल्या पोरांसारखं. पहिल्या परीक्षेत मी नापास झाले. का, तर तपासनीसांनी कागद दाखवला. छान इंग्रजी मजकूर चाललेला आणि मध्येच जिथं जिथं के, तिथं मी देवनागरीत ‘का’ लिहून ठेवलेलं. ते गृहस्थ म्हणाले, "मॅडम, हे काय विचारताय तुम्ही मला?" दादाला हे सांगितलं तेव्हा तो हसला. आवाज नसलेलं हसणं, खांदे नुसते गदागदा हलतायत... मला इतकं बरं वाटलं की वाटलं, अजून एकदा नापास व्हावं.

दुसऱ्यांदा पास झाले. लायसन हातात आलं आणि पहिल्या रविवारी मी पाचोडहून खटका दाबला. त्यानंतर पाचेक महिने मिळाले आम्हाला. दर रविवारी चाचा आणि तो आधी बोलायचे, मग माझी पाळी. माझ्यासाठी तो मुद्दाम सावकाश पाठवायचा, लहान मुलाचं बोट धरून चालावं तसा. चाचा मध्ये बोलायचे नाहीत, पण ऐकत राहायचे. काय बोलायचो? जेवलीस के. पाऊस के. शाळेची गळती थांबली के. तीस वर्षांत आमच्या एवढ्या कमी शब्दांत एवढ्या गप्पा झाल्या नव्हत्या.

मग तपासणीचा नवा रिपोर्ट आला. दुखणं परत आलं होतं, आणि आता करण्यासारखं फारसं नव्हतं. डॉक्टरांनी वहिनींना आणि मला बाहेर बोलावून सांगितलं. आम्ही दोघींनी तिथंच जिन्यात ठरवलं की दादाला कळू द्यायचं नाही. "साधं इन्फेक्शन हाय म्हणू," वहिनी म्हणाल्या. त्यांनी रिपोर्टची फाईल कपाटात साड्यांखाली ठेवली. अण्णांच्या कडब्यासारखीच ती जागा, हे मला फार उशिरा सुचलं.

पुढच्या रविवारी मी सेटवर बसले. पेन्सिल, शाळेच्या जुन्या हजेरीपटाची पाठकोरी पानं. नेहमीचं झालं, जेवलीस के, पाऊस के. आणि मग एक एक अक्षर उतरत गेलं आणि माझ्या कागदावर ओळ तयार झाली. मी बरा आहे के.

मी ती वाचली. मी बरा आहे का?

बाहेर अंगणात कुणीतरी मिरच्या वाळत घालत होतं, त्याचा वास नाकात बसला होता, तो अजून आठवतो. ज्यानं मला बोलायला लावलं, त्यानं आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी खरं विचारलं होतं, आणि मी काय केलं? पाठवलं, ‘हो’. घाईघाईनं पुन्हा एकदा, ‘हो’. मग तो आणखी काही विचारेल या भीतीनं पाठवलं, ‘लाईट गेली’, आणि सेट बंद करून टाकला. बॅटरीवरचा सेट. त्यानंच जोडून दिलेला.

त्यानंतर अकरा दिवस तो होता, पण खटक्यावर पुन्हा बसता आलं नाही. मी दोनदा जाऊन आले. पाय चेपले, पोरांचे किस्से सांगितले, भरभरून बोलले आणि त्या रविवारबद्दल अवाक्षर काढलं नाही. त्यानंही पाटी उचलली नाही. दुसऱ्या वेळी मी निघाले तेव्हा उशाशी ठेवलेल्या बेलचं बटण त्यानं दाबलं, दोन आखूड. दि-दि. मी मागं वळून बघितलं नाही. मला वाटलं, अजून उत्तर मागतोय.

दिवस झाले, पाहुणे पांगले. महिन्याभरानं वहिनींनी मला टेबल आवरायला बोलावलं. त्याच दुपारी रहीमचाचा आले, वैजापूरहून एसटीनं, काठी टेकत, पिशवीत पेरू घेऊन. दिवसांच्या वेळी ते स्वतः आजारी होते, म्हणून राहून गेलं म्हणाले. वहिनींनी चहा ठेवला. चाचा दादाच्या खुर्चीत न बसता बाजूच्या स्टुलावर बसले, टेबलावरून हात फिरवला आणि एकदम मला म्हणाले, "बाई, उस इतवार को तुम्हारे यहाँ लाईट गई थी ना?"

ते हसत होते. आणि मग मला राहवलं नाही, मी सगळं सांगून टाकलं. रिपोर्ट, जिना, प्रश्न, माझं हो-हो. "त्यानं विचारलं, मी बरा आहे का, आणि मी त्याला फसवलं, चाचा. शेवटच्या वेळी फसवलं."

चाचांचं हसू गेलं. "कौन बोला, पूछे करके?"

मी पर्समधून तो कागद काढला. महिनाभर तो माझ्याबरोबरच फिरत होता. चाचांनी चष्मा लावून बघितलं आणि कागद टेबलावर उलटा ठेवला. "तार कागद पे नै पढते, बाई. कान से पढते." त्यांनी दादाचा खटका पुढं ओढला, सरावाचा बझर जोडला आणि म्हणाले, "सुनो. ये उनो हमेशा जैसा पूछते." बझर वाजला. जेवलीस-के. के शेवटच्या अक्षराच्या अंगावर पडावा तसा चिकटून आला. "और अब उस दिन का. जैसा आया वैसा देता हूँ." पुन्हा बझर. मी... बरा... आहे. चाचांचा हात थांबला. स्वयंपाकघरात चहा उकळत होता, तोही ऐकू आला. मग सावकाश, लांबलेल्या दा सकट, के.

"सुना? उनो पूछ नै रहे थे बाई," चाचा म्हणाले, "बता रहे थे."

चाचांनी पेरूची पिशवी उगाच इकडून तिकडं सरकवली. मग म्हणाले, "और तुम सेट बंद कर दिये. उसके बाद भी उनो भेजे, वो तुम सुने नै." त्यांनी परत खटका घेतला आणि पाठवलं, ‘बॅटरीची लाईट के’. यातला के चिकटून. खरा प्रश्न. आणि त्यामागून तारेच्या रिवाजातलं हसणं, चार आखूड, दोन आखूड, पुन्हा चार, पुन्हा दोन. हि, हि. "ये वाला पूछे थे," चाचा म्हणाले आणि तोंडावर हात धरून हसायला लागले. मला डोळ्यांसमोर दिसलं, त्या खुर्चीत, आवाज नसलेले खांदे गदागदा हलतायत. पकडली होती त्यानं मला. सेट बंद व्हायच्या आत पकडली होती.

वहिनी चहाचे कप घेऊन दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "त्यांनी फाईल त्या रविवारच्या आदल्या दिवशीच बघितली होती, ताई. मी साड्या काढायला गेले तर चष्मा फाईलीतच राहिलेला. मी गुपचूप उचलला आन् टेबलावर ठेवला. तेबी काय बोलले नाय, मीबी नाय. तुम्हाला कशाला सांगायचं म्हणलं, तुम्ही रडाल." म्हणजे दादाला माहीत होतं, वहिनींना माहीत होतं की त्याला माहीत आहे, आणि सगळ्यांचं गुपित एकटी मी सांभाळत बसले होते, पाचोडला, घाम पुसत. सगळ्यात बडबडी मी, आणि कडब्यात लपवून ठेवलं तेही मीच. मला हसू आलं. महिन्याभरानं पहिल्यांदा, मोठ्यानं, शेजारी काय म्हणतील याची पर्वा न करता. वहिनीही हसायला लागल्या आणि कपातला अर्धा चहा बशीत सांडला.

त्या दिवशी एसटीत खिडकीशी बसून मी हिशोब मांडत नव्हते, नुसतं ते वाक्य मनात वाजवून बघत होते. मी बरा आहे. उसंत. के. आणि त्यावर माझं उत्तर, ‘हो’. प्रश्नाला दिलं तेव्हा ते खोटं होतं. सांगण्याला दिलं तेव्हा त्याच्याइतकं बरोबर उत्तर दुसरं नव्हतं. तो म्हणाला, मी बरा आहे. मी म्हणाले, हो. भावाबहिणीत अजून काय बोलणं व्हायला हवं होतं? दोन हो थोडे घाईचे झाले, एवढंच. आणि लाईट तेवढी जायला नको होती. शेवटच्या भेटीत मी निघताना वाजलेली ती दोन आखूड बेलसुद्धा आता मला वेगळी ऐकू येते. तो काही मागत नव्हता. नुसती हाक मारत होता, दि-दि.

त्या दिवशी निघताना वहिनींनी खटका जुन्या टॉवेलात गुंडाळून माझ्या पिशवीत टाकला. "घेऊन जा. इथं नुसती धूळ खाईल." आता तो पाचोडला माझ्या टेबलावर आहे. काळ्या गोल दट्ट्यावर दादाच्या बोटाची एक गुळगुळीत खळगी पडली आहे, माझं बोट तिच्यात दोनदा मावेल. स्प्रिंग त्यानं आपल्या मोटारवाल्या हाताला बेतून कसलेली. मला ती दाबताना मनगट दुखतं. चाचा म्हणाले, पेचकस घेऊन सैल कर. मी केली नाही. स्प्रिंग घट्ट असली की आपोआप सावकाश पाठवलं जातं, अक्षरांमध्ये जागा राहते, घाईनं हो-हो म्हणता येत नाही.

रविवारी दहाला मी आणि चाचा बोलतो. ते विचारतात, कशी आहेस के. चिकटून आलेला के आता मला ओळखू येतो. मी पेन्सिल खाली ठेवते, खळगीत बोट ठेवते आणि पाठवते, मी बरी आहे. मग हात उचलते. एक श्वास पुरा घेते.

आणि मग पाठवते, के.